कुत्र्याचा कान सारखा का बिघडतो? (थेंब घालण्याआधी कानात काय आहे ते बघून घ्या)

आबोली

पाऊस सुरू झाला की आमच्या सोसायटीतल्या श्वानपालकांच्या गटावर ठरलेला प्रश्न येतो: "कानासाठी कुठले ड्रॉप्स चांगले?" त्याखाली पटापट बाटल्यांचे फोटो येतात. त्या कानात नेमकं काय झालंय हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढतेय. आमचा बंडू लॅब्रेडॉर आहे, वय पाच. ठाण्यात राहतो, म्हणजे जून ते सप्टेंबर हवा ओली ती ओलीच. त्याच्या कानाच्या निमित्ताने जे समजलं ते इथे मांडते. तुमचे अनुभवही हवेत.

आधी लक्षणं. डोकं झटकणं आणि मागच्या पायाने कान खाजवणं सगळ्यांना माहीत असतं. याच्याही आधीची एक खूण असते आणि ती हमखास सुटते. कानाच्या मुळाशी चोळलं की कुत्रं कण्हतं आणि डोकं आपल्या हातात दाबून धरतं. घरच्यांना वाटतं, लाड करून घेतोय. बऱ्याचदा ती खाज असते. रोज झोपण्याआधी पाळी उलटून बघा, आत लाली आहे का, आणि सरळ नाक लावून वास घ्या. निरोगी कानाला जवळजवळ वास नसतो. आंबूस, कुबट किंवा सडका वास आला तर थांबू नका.

कुत्र्याची कानाची नळी आपल्यासारखी आडवी नसते. आधी सरळ खाली उतरते, मग काटकोनात डोक्याच्या आत वळते, आणि पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. त्यामुळे वरून आपल्याला दिसतो तो फक्त दरवाजा. आत पाणी गेलं, मळ साचला, सूज आली तर बाहेर पडायला वाट नाही. त्यात लॅब, कॉकर, बीगल यांच्या लोंबत्या पाळ्या वरून झाकण घालतात.

पण पाऊस आणि पाळी हे निमित्त असतं. सोसायटीतली बाकीची लॅब त्याच पावसात भिजतात आणि त्यांना काही होत नाही. मग बंडूलाच का? आत्ताच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतून कापसाच्या काडीवर थोडा मळ घेतला, काचपट्टीवर फिरवला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. तिथेच काही मिनिटांत उत्तर मिळालं: मॅलॅसेझिया नावाची बुरशी, दोन्हीकडे. मग त्यांनी असे प्रश्न विचारले की मी बघतच राहिले. पंजे चाटतो का? काखेत आणि पोटावर लाल होतं का? पहिल्यांदा खाज सुटली तेव्हा वय किती होतं? तिन्ही उत्तरं ॲलर्जीकडे बोट दाखवत होती. हवेतल्या धुळीची, परागकणांची ॲलर्जी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. कानाच्या नळीला आतून त्वचाच असते. अंगाची त्वचा पेटली की कानातलीही पेटते, ओलसर होते, आणि एरवी तिथे गुपचूप राहणारी बुरशी माजते.

थेंबांनी बुरशी जाते. ॲलर्जी तिथेच राहते, म्हणून पुढच्या पावसात पुन्हा तेच. बंडूला आता कानाच्या औषधाबरोबर खाजेचं औषधही चालू आहे, आणि औषध बंद करण्याआधी पुन्हा काचपट्टी बघितली जाते. माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे की थेंब घालण्याआधी कान बघून घ्या, आणि कान पुन्हा बिघडला तर "का" हा प्रश्न सोडू नका.

---

टेकडीवाला

फार गरजेचा धागा, आबोलीताई. पुण्याच्या टेकड्यांवर कुत्री फिरवणाऱ्यांसाठी भर घालतो.

पाऊस संपला की दसरा-दिवाळीच्या सुमारास टेकडीवर कुसळी गवत वाळतं. त्या बियांना टोक असतं आणि मागे लांब शेपटी. ओल लागली की ती शेपटी पीळ घेत फिरते आणि टोक आत रुततं. मातीत स्वतःला पेरून घेण्याची ही त्या गवताची युक्ती आहे. तेच कुसळ कानात गेलं तर ते पुढेच सरकतं, मागे येत नाही, कारण त्यावरचे केस उलट्या दिशेने अडतात.

ओळखायचं कसं? ॲलर्जीचा कान हळूहळू बिघडतो आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी. कुसळाचा कान फिरून आल्या आल्या, एकाच बाजूचा, एकदम. आमची राणी घरी येऊन डोकं त्या बाजूला वाकडं करून इतकं झटकायला लागली की कान भिंतीवर आपटत होता. हात लावू देईना. डॉक्टरांनी गुंगी दिली, ओटोस्कोप (कानात बघायची दुर्बीण) घातला आणि लांब चिमट्याने कुसळ काढलं. पडद्याला टेकलेलं होतं. अशा वेळी घरी चिमटा घालू नका, थेंबही नकोत. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टेकडीवरून उतरल्यावर कान, पंजांच्या बेचक्या आणि काखा चाचपायची सवय लावून घ्या. लांब केसांच्या कुत्र्यांचे कानाच्या तोंडाशी असलेले केस त्या दोन महिन्यांत आखूड ठेवा.

---

वाट_दूरची

टेकडीवाला यांना पूर्ण अनुमोदन. आम्ही सॅन होजेला असतो. इथे कॅलिफोर्नियात हेच काम फॉक्सटेल गवत करतं, फक्त मोसम वेगळा: पावसाळा हिवाळ्यात, त्यामुळे गवत वाळतं ते मे-जूनमध्ये. नाकात, कानात, पंजात, कुठेही शिरतं. उन्हाळा लागला की इथले डॉक्टर प्रत्येक भेटीत त्याबद्दल बजावतात. भारतात कुसळाबद्दल असं बजावलेलं मी तरी ऐकलं नव्हतं, म्हणून इथे लिहिलं गेलं याचं फार बरं वाटलं.

---

रानजाई

आमच्याकडे दीड महिन्यापूर्वी गावाहून पिल्लू आणलंय, गावठीच आहे, साधारण तीन महिन्यांचं. सारखं कान खाजवतंय. दोन्ही कानांत काळपट कोरडा मळ आहे, भिजवून वाळलेल्या कॉफीच्या पुडीसारखा. सासूबाई म्हणतात, खोबरेल तेलात लसूण कडकडवून कोमट थेंब घाला, त्यांच्या माहेरी तेच करायचे. शेजारच्या काकू म्हणतात, स्पिरिटने पुसा. मी अजून काहीच केलेलं नाही. काय करू?

---

गोठा_ते_घर

मी पशुवैद्य आहे, सातारा जिल्ह्यात. गाई-म्हशी जास्त, पण आता कुत्रीही खूप येतात.

रानजाई, काहीच केलं नाहीत हे उत्तम केलंत. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि तेल स्वयंपाकघरातच राहू द्या. त्यामागे कारण आहे. कानाचा पडदा शाबूत आहे की फाटलाय हे बाहेरून कळत नाही. जुन्या संसर्गात तो फाटलेला असू शकतो. तसं असेल तर वरून घातलेलं जे काही आहे ते थेट मधल्या कानात उतरतं, आणि तिथून ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या नाजूक भागांपर्यंत त्याचा परिणाम पोचतो. जेन्टामायसिन हे चांगलं औषध आहे, पण फाटक्या पडद्यातून आत गेलं तर बहिरेपण येऊ शकतं. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचंही तसंच. म्हणून गेल्या वर्षीची उरलेली बाटली या वर्षी वापरू नका, शेजाऱ्यांच्या कुत्र्याची तर मुळीच नको. पडदा फाटलेला नसला तरी तेलाने आत ओल आणि चिकटा वाढतो, आणि लसणाने सुजलेली त्वचा भाजते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साईड सोललेल्या त्वचेवर आग करतात. एकदा ती आग झाली की कुत्रं पुढे कित्येक महिने कानाला हात लावू देत नाही, आणि मग खरा उपचार अवघड होतो.

तुम्ही केलेलं मळाचं वर्णन वाचून मला कानातल्या माइट्सची शंका येते. डोळ्यांना जेमतेम पांढऱ्या ठिपक्याएवढे दिसणारे किडे असतात ते. पिल्लांत आणि मांजरांत जास्त. पण शंका म्हणजे निदान नव्हे. असाच मळ बुरशीतही दिसतो. काचपट्टीवर तेलाच्या थेंबात मळ घेऊन बघितला की माइट चालताना दिसतात, वादच राहत नाही.

एक विनवणी सगळ्यांनाच. गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेलं, किडे मारणारं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने टोचू नका. कोली आणि त्या वंशाच्या काही कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यांच्या मेंदूपर्यंत हे औषध पोचतं आणि जीव जाऊ शकतो. मिश्र जातीच्या कुत्र्यात काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. माइट्ससाठी आता मानेवर लावायची आणि खायची, दोन्ही प्रकारची सुरक्षित औषधं मिळतात. वजन करून, डॉक्टरांना विचारून घ्या.

---

हिशेबी

मुद्दा पटतो, पण एक अडचण मांडतो. आमच्या तालुक्यात कुत्र्याच्या कानाची काचपट्टी बघणारा दवाखाना नाही. शहरात नेलं की तपासणी, गुंगी, औषधं मिळून बिल कुठल्या कुठे जातं. ज्याला परवडत नाही त्याने थेंब घातले तर त्याला दोष कसा द्यायचा? दहातल्या आठ वेळा थेंबांनी बरं वाटतंच ना.

---

आबोली

हिशेबी, दोष कुणालाच नाही. बरं वाटतं हे खरंय, कारण त्या बाटलीत बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: जंतूंवरचं, बुरशीवरचं आणि सूज उतरवणारं स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, आपण बाटली कपाटात ठेवतो आणि आत जे होतं ते अर्धवट राहतं. पुढच्या खेपेला तेच औषध लागू पडत नाही.

---

गोठा_ते_घर

हिशेबींचा प्रश्न रास्त आहे, त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

खर्चासाठी पहिला पर्याय सरकारी. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने तर सगळ्यांसाठी उघडे असतात आणि तिथला खर्च खासगीपेक्षा बराच कमी. मुंबईत परळला, जे १८८६ पासून चालू आहे, सातारा जिल्ह्यात शिरवळला, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर. तिथे सूक्ष्मदर्शक आहे, शिकणारी मुलं आहेत आणि एकेका कानाला वेळ दिला जातो. काचपट्टीची तपासणी स्वतः महाग नसते. महाग पडतो तो वर्षानुवर्षं चाललेला कान.

का ते सांगतो. काचपट्टीवर मुख्यतः तीन गोष्टी दिसतात: बुरशी, गोल जंतू आणि दांडीच्या आकाराचे जंतू. पहिल्या दोन्हींवर नेहमीच्या थेंबांनी काम भागतं. दांडीचे जंतू दिसले की मी सावध होतो, कारण त्यांत सुडोमोनास असू शकतो. पिवळट-हिरवा पातळ पू, असह्य वास, आतून सोललेला आणि कमालीचा दुखणारा कान. हा जंतू बऱ्याच प्रतिजैविकांना दाद देत नाही. त्याला आधी कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, कुठलं औषध लागू पडेल ते बघावं लागतं. असे कान माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा तीन-चार वेगवेगळे थेंब अर्धे-अर्धे वापरून झाल्यावर.

आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर पैशांचा विचार नंतर करा, आधी गाडीत बसवा. डोकं सतत एका बाजूला कललेलं, चालताना तोल जाणं, गोल गोल फिरणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप थरथरणं, तोंडाची एक बाजू लुळी पडणं, जबडा उघडताना कळवळणं. हा आजार मधल्या किंवा आतल्या कानात उतरल्याची लक्षणं आहेत. पाळी फुगून मऊ उशी झाली असेल तर झटकून झटकून आतली रक्तवाहिनी फुटून रक्त साचलंय. ते घरी सुई टोचून काढू नका. आणि ते फुगणं बरं केलं तरी ज्या खाजेने ते झालं तिचा इलाज केला नाही तर पुन्हा भरतं.

---

चाफेकळी

डॉक्टर, घरी साफ कसं करायचं ते एकदा नीट सांगाल का? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं दाखवतो. आणि शिट्झूच्या कानातले केस पार्लरमध्ये उपटतात, ते बरोबर आहे का?

---

गोठा_ते_घर

कान दुखत असेल, पू असेल, तोल जात असेल तर घरी साफ करू नका. ज्याचं निदान झालंय आणि डॉक्टरांनी साफ करायला सांगितलंय त्याच्यासाठी ही रीत आहे. कुत्र्यांच्या कानासाठी मिळणारं क्लीनरच घ्या. त्यात मळ सुटा करणारं आणि नंतर कान कोरडा करणारं, दोन्ही असतं, बऱ्याच क्लीनरमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं. बाटली हातात धरून कोमट करून घ्या, गार थेंबाने कुत्रं दचकतं. पाळी वर धरा, नळी भरेल इतकं घाला, थेंबभर नको. मग पाळी तशीच धरून कानाच्या मुळाशी, गालाच्या मागे, बोटांनी अर्धा मिनिट चोळा. आतून पचपच आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर औषध वळणाखाली पोचलेलंच नाही. मग सोडून द्या, त्याला मनसोक्त झटकू द्या, तुम्ही जुना टॉवेल घेऊन उभे राहा. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून जेवढं बोट जाईल तेवढंच पुसा. कानकाड्या नकोतच, त्या मळ वळणाच्या पलीकडे ढकलतात. थेंब घालायचे असतील तर साफ केल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, कान कोरडा झाला की घाला.

प्रत्येक वेळी शेवटी काहीतरी आवडीचं खायला द्या. हे शोभेसाठी म्हणत नाही. कान हा आयुष्यभराचा विषय असेल तर कुत्र्याने बाटली बघून पळता कामा नये.

निरोगी कान उगाच धुऊ नका. रोजच्या धुण्याने त्वचा भिजत राहते आणि त्यातूनच दुखणं सुरू होतं. केसांचंही तसंच: काही त्रास नसेल तर उपटू नका, उपटल्याने बारीक जखमा होतात. नळी केसांनी बुजली असेल आणि संसर्ग होत असेल तर डॉक्टर ठरवतील.

---

कोकणकडा

भटक्या कुत्र्यांबद्दल लिहितो. आमच्याकडे रत्नागिरीला पावसाळ्यात दर वर्षी कानात किडे पडलेली कुत्री सापडतात. भांडणात पाळी फाटते, नाहीतर गोचीड काढताना खाजवून जखम होते, तिच्यावर माशी बसते आणि दोन दिवसांत अळ्या. लांबूनच घाण वास येतो, कुत्रं कोपऱ्यात जाऊन बसतं, खात नाही. लोक दयेपोटीच, पण रॉकेल किंवा पेट्रोल ओततात. कान भाजतो, कुत्रं जिवाच्या आकांताने पळतं आणि मग कुणालाच सापडत नाही. सीताफळाच्या बियांची पूडही टाकतात. ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा करते, कुत्र्याच्याही आणि आपल्याही. कृपा करून यातलं काही करू नका. जवळच्या प्राणिमित्रांना किंवा सरकारी दवाखान्याला कळवा. अळ्या मारणाऱ्या गोळ्या असतात, खाण्यातून देता येतात, पण वजन बघून डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

स्वतः हात लावणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. दुखणाऱ्या कानाला हात लावला की सगळ्यात गरीब कुत्रंही चावतं. पट्टीने तोंड बांधल्याशिवाय जवळ जाऊ नका. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. याला पर्याय नाही.

---

अंगण

धागा वाचून मला आमच्या कॉफीबद्दल लिहावंसं वाटतंय. कॉकर स्पॅनियल. आम्ही तिला मोठी झाल्यावर दत्तक घेतली, तेव्हाच तिचे दोन्ही कान वर्षानुवर्षं सुजून सुजून जाड झाले होते. नळी इतकी आवळली होती की थेंब आतच जात नव्हते. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की नळीच्या भिंती कडक होऊन हाडासारख्या झाल्यात आणि मधल्या कानात पू आहे. शेवटी दोन्ही बाजूंची संपूर्ण नळी काढून टाकायची शस्त्रक्रिया झाली, एकेक करून.

मला खूप भीती वाटत होती की ऐकू येणार नाही, मग ती कशी जगेल. खरं सांगते, ऐकू तसंही जवळजवळ येत नव्हतंच. शस्त्रक्रियेची जखम भरली आणि वेगळंच कुत्रं घरात आलं. ती मूळची शांत आहे, एकटी राहते, कुणाशी खेळत नाही असं आम्ही समजत होतो. तो तिचा स्वभाव नव्हता, ते दुखणं होतं. आता हाताच्या खुणांवर सगळं समजतं, चेंडू आणून मांडीवर टाकते. ज्यांची कुत्री "वय झालंय म्हणून चिडचिडी झालीत" त्यांनी एकदा कान दाखवून घ्या.

---

टेकडीवाला

अंगणताई, वाचून डोळे भरून आले. कॉफीला खूप प्रेम.

---

चिकनप्रेमी_डॉबी

आम्हाला ब्रीडरने सांगितलं की कानाचं दुखणं चिकनमुळे होतं, चिकन बंद करा. दोन आठवडे बंद केलं, काही फरक नाही. म्हणजे खाण्याची ॲलर्जी नाही असं समजायचं का?

---

गोठा_ते_घर

नाही, दोन आठवडे पुरेसे नाहीत. खाण्याची ॲलर्जी असू शकते, आणि काही कुत्र्यांत फक्त कानातच दिसते. पण ती ओळखण्याची खात्रीची रीत एकच: त्याने आयुष्यात न खाल्लेलं प्रथिन किंवा त्यासाठीचं खास तयार खाणं किमान ८ आठवडे, दुसरं काहीही नाही. पोळीचा तुकडा नाही, दूध नाही, बिस्किट नाही, दात साफ करायच्या चघळकांड्या नाहीत, चवीच्या गोळ्याही नाहीत. आजी गुपचूप भरवत असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या, इथेच सगळ्यात जास्त चाचण्या फसतात. सुधारलं तर जुनं खाणं पुन्हा देऊन खाज परत येते का ते बघायचं. रक्ताची तपासणी करून खाण्याची ॲलर्जी सांगणाऱ्यांवर पैसे घालवू नका, ती भरवशाची नाही.

---

रानजाई

दाखवून आणलं! डॉक्टर, तुमची शंका खरी ठरली. आम्हालाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं, माइट चालत होते. सासूबाईंनीही बघितलं आणि "अगं बाई, इतके!" म्हणाल्या. आता त्याच सगळ्यांना सांगतायत. मानेवर लावायचं औषध दिलंय. एक राहिलंच: घरात मांजरही आहे, दोघं एकत्र झोपतात. तिचेही कान बघायला हवेत का?

---

गोठा_ते_घर

बघायचे, आणि दोघांनाही एकाच वेळी औषध द्यायचं. मांजराला खाज दिसत नसली तरी द्यायचं, नाहीतर माइट एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतील. त्यांची एक पिढी साधारण तीन आठवड्यांत तयार होते, म्हणून चार दिवसांत खाज थांबली तरी सांगितलेला पुढचा डोस चुकवू नका. अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.

फक्त कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, थोडंसंही नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरासाठी विष आहे. कुत्र्याच्या मानेवरचं औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळं झोपवा. मांजराचं वजन करून तिचं वेगळं औषध घ्या.

---

रानजाई

संध्याकाळीच नेते मांजरीला. धन्यवाद डॉक्टर.